कॉइलच्या मायनसपासून डॅशबोर्डपर्यंत: जुन्या गाडीला आरपीएम मीटर

माझ्या १९९८ सालच्या मारुती ८०० मध्ये वेगाचा काटा आहे, पेट्रोलचा आहे, टेंपरेचरचा आहे. इंजिन मिनिटाला किती फेरे घेतंय हे सांगणारं मात्र काही नाही. नागपुरातल्या ऑटोमोटिव्ह चौकाकडचे आमचे मिस्त्री ते कानानं ओळखतात. आर्डुइनो या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डावर पहिलं मीटर जोडून मी मोठ्या तोऱ्यात त्यांच्याकडे गेलो, तेव्हा गाडी स्लोवर (ॲक्सिलरेटर न दाबता जागेवर चालू) होती आणि स्क्रीनवर आकडा होता १७८०. मिस्त्रींनी बोनेटवर हात ठेवला, घटकाभर ऐकलं आणि म्हणाले, "भाऊ, हे तुमचं मशीन खोटं बोलून राहिलं. गाडी नौशेच्या वर नाही."

त्यांचं बरोबर होतं. माझं यंत्र प्रत्येक ठिणगी दोनदा मोजत होतं. तेव्हा मी दोन रेझिस्टर आणि एका झेनर डायोडवर काम भागवलं होतं, आणि खरी ठिणगी कुठली, तिच्यामागची थरथर कुठली, हे ओळखायची सोयच ठेवली नव्हती. खाली दिलेली पद्धत त्यानंतर सुधारलेली आहे. आर्डुइनोवर एलईडी लुकलुकवता येत असेल आणि घरी कार्ब्युरेटरवाली पेट्रोल गाडी असेल, तर दोन रविवारांत हे जमतं. गाडी नवी असेल तर थेट शेवटच्या भागावर जा; तिथे वायर सोलायची गरजच नाही.

आधी कागदावर हिशेब

फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. ८०० ला तीन सिलिंडर, म्हणजे दोन फेऱ्यांत तीन ठिणग्या, एका फेऱ्याला दीड. इंजिन ९०० वर असेल तर मिनिटाला १३५० ठिणग्या, सेकंदाला साडेबावीस. दोन ठिणग्यांमधलं अंतर सुमारे ४४ मिलिसेकंद. ६००० वर सेकंदाला १५० ठिणग्या आणि अंतर पावणेसात मिलिसेकंदांहून किंचित कमी. ही दोन अंतरं एका चिठ्ठीवर लिहून समोर चिकटवा. पुढे काहीही बिघडलं की आधी त्यांच्याकडेच बघायचं आहे.

सेकंदाच्या ठिणग्यांना तीन सिलिंडरसाठी ४० ने गुणायचं. पद्मिनी, ॲम्बॅसेडर किंवा कार्ब्युरेटरवाली झेन असेल तर सिलिंडर चार, एका फेऱ्याला दोन ठिणग्या, म्हणून ३० ने.

सिग्नल कुठून घ्यायचा

इग्निशन कॉइलच्या मायनसवरून. कॉइलला दोन छोटी टोकं असतात: प्लसवर चावीतून बारा व्होल्ट येतात आणि मायनस डेल्कोकडे, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरकडे जातं. डेल्कोत पॉइंट (यांत्रिक स्विच) असोत की इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, काम एकच: मायनस टोक थोडा वेळ अर्थला धरून ठेवायचं आणि अचानक सोडायचं. सोडलं की कॉइलमधला करंट तुटतो आणि त्याच क्षणी प्लगला हजारो व्होल्टची ठिणगी मिळते. पण त्या धक्क्यात मायनस टोकावरही क्षणभर तीन-चारशे व्होल्ट उसळतात, आणि मग घंटा वाजवल्यावर नाद विरत जावा तशी ती लाट थरथरत बारा व्होल्टवर येते. माझ्या १७८० चा उगम हाच.

आर्डुइनोच्या पिनला पाच व्होल्टच्या वर काही सोसत नाही. त्यामुळे ही वायर थेट पिनला लावायची नाही, 'एकदा बघू तरी' म्हणूनही नाही.

डिझेल गाडीला कॉइलच नसते, म्हणून ही पद्धत तिथे लागू नाही. बाइकच्या सीडीआयचंही (कपॅसिटरवर चालणाऱ्या इग्निशनचंही) गणित निराळं, ते इथे घेत नाही.

साहित्य

बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत एक चक्कर मारली की सगळं मिळतं. आर्डुइनो उनो किंवा नॅनो, पीसी८१७ हा ऑप्टोकप्लर (दोन जास्तीचे घ्या, चहाच्या पैशांत येतात), ४.७ किलोओमचे दोन रेझिस्टर, १० किलोओमचा एक, १एन४१४८ डायोड, टीएम१६३७ वाला चार आकडी डिस्प्ले, उष्णता सोसणारी स्लीव्ह, लग, आणि इंजिनाकडच्या वायरीसाठी गाडीत वापरतात तीच वायर. ब्रेडबोर्डच्या बारीक वायरी बोनेटखाली नेऊ नका.

जोडणी

ऑप्टोकप्लर म्हणजे एका काळ्या डबीत समोरासमोर बसवलेले एलईडी आणि प्रकाश ओळखणारा ट्रान्झिस्टर. गाडीची वीज एलईडीपर्यंत येऊन थांबते, पलीकडे जातो तो फक्त उजेड.

कॉइलच्या मायनसवरून निघून ४.७ किलोओमचे दोन्ही रेझिस्टर एकापाठोपाठ जोडा आणि पीसी८१७ च्या पहिल्या पिनवर या. ठिपका असतो ती पहिली. दुसरी पिन इंजिनाच्या बॉडी अर्थला. या दोन पिनांवर १एन४१४८ उलटा बसवा, त्याच्यावरची काळी पट्टी पहिल्या पिनकडे. थरथरीत व्होल्टेज उलटं गेलं तर ते या डायोडमधून निघून जातं आणि एलईडी वाचतो. पलीकडच्या बाजूला तिसरी पिन आर्डुइनोच्या ग्राउंडला, चौथी डिजिटल पिन २ ला, आणि चौथीवरूनच १० किलोओमचा रेझिस्टर पाच व्होल्टला.

रेझिस्टर एकच का नाही? नेहमीचा पाव वॉटचा रेझिस्टर साधारण अडीचशे व्होल्टपर्यंतच भरवशाचा. उसळी साडेतीनशेची असली तर दोघांत वाटली जाते. करंटचाही हिशेब बसतो: चौदा व्होल्टच्या आसपास एलईडीतून सव्वा ते दीड मिलिॲम्पिअर, आणि साडेतीनशेच्या उसळीत सदतीसच्या आसपास. पीसी८१७ च्या एलईडीची मर्यादा पन्नासची आहे.

एक गोष्ट मी पहिल्यांदा चुकलो होतो. हे दोन रेझिस्टर डॅशबोर्डच्या डब्यात नको, कॉइलच्या अगदी जवळ, स्लीव्हमध्ये हवेत. नाहीतर साडेतीनशे व्होल्टची उसळी सोलून ठेवलेल्या वायरीतून तुमच्या गुडघ्यापर्यंत येते.

गाडीला हात लावण्याआधी: घरची वीज हाच कॅलिब्रेटर

बरेच जण इथे घाई करतात आणि सरळ गाडीत जाऊन डोकं खाजवत बसतात. टेबलावर तपासायला आपल्याकडे फुकटचं एक उत्तम साधन आहे: भिंतीतली वीज. कोराडीतल्या जनित्रांचे रोटर मिनिटाला ३००० फेरे घेतात, सेकंदाला ५०, म्हणून आपली वीज ५० हर्ट्झची. ग्रिडची फ्रिक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ठेवण्याचा नियम आहे. दोन हजारांत चारेक फेऱ्यांचा फरक, आपल्या कामाला हे सोनं आहे.

नऊ व्होल्ट एसी देणारा ट्रान्सफॉर्मर घ्या. मोबाइलचा चार्जर चालणार नाही, तो डीसी देतो. २३० व्होल्टच्या बाजूची जोडणी स्वतः नीट येत नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या आणि ती बाजू डब्यात बंद करा. नऊ व्होल्टची दोन टोकं: एक रेझिस्टरच्या साखळीला, दुसरं पीसी८१७ च्या दुसऱ्या पिनला. सेकंदाला पन्नास वेळा एलईडी लागेल. तीन सिलिंडरच्या गणितानं स्क्रीनवर २००० यायला हवेत, चारच्या गणितानं १५००. ४००० दिसले तर दुप्पट मोजणी. १००० दिसले तर एक सोडून एक हुकतोय.

दुसऱ्या आर्डुइनोच्या टोन फंक्शननंही खोट्या ठिणग्या पाठवता येतात, पण उनोवर ते ३१ हर्ट्झच्या खाली उतरत नाही. ३१ गुणिले ४० म्हणजे १२४०. थोडक्यात, स्लोचा आकडा त्यानं तपासताच येत नाही. तिथे पिन स्वतः उघडझाप करणारा चार ओळींचा लूप लिहा.

प्रोग्राम: मोजायचं काय आणि टाकायचं काय

पहिला मोह होतो तो एका सेकंदात किती ठिणग्या आल्या ते मोजण्याचा. स्लोवर एका सेकंदात २२ येतील किंवा २३, म्हणजे आकडा ८८० किंवा ९२०. मधलं काही दिसणारच नाही. आकडा लवकर बदलावा म्हणून पाव सेकंद मोजाल तर उड्या १६० च्या. म्हणून मोजणी सोडा आणि दोन ठिणग्यांमधलं अंतर मोजा. बोर्ड सुरू होऊन किती मायक्रोसेकंद झाले ते सांगणारं उनोचं मायक्रोज फंक्शन चार मायक्रोसेकंदांच्या पायरीनं चालतं. ६००० वरही त्यानं चारेक फेऱ्यांचीच चूक होते.

पिन २ वर इंटरप्ट लावा (पिन बदलली की हातातलं काम थांबवून लगेच चालणारं फंक्शन), फॉलिंग एजवर, म्हणजे पिन पाच व्होल्टवरून शून्याकडे येते त्या क्षणी. कॉइलनं मायनस सोडलं की एलईडी लागतो आणि पिन खाली येते, म्हणजे फॉलिंग एज हीच ठिणगीची वेळ. इंटरप्टच्या फंक्शनमध्ये एवढंच करायचं: मायक्रोज वाचा, मागच्या ठिणगीची वेळ वजा करा, आणि अंतर ३००० मायक्रोसेकंदांपेक्षा कमी असेल तर काहीही न नोंदवता परत फिरा. त्याहून जास्त असेल तरच अंतर साठवा आणि ही वेळ 'मागची' म्हणून ठेवा. या फंक्शनमध्ये सिरियल प्रिंट नको, डिले नको, डिस्प्ले तर नकोच.

३००० कुठून आले? थरथर पहिल्या एक-दोन मिलिसेकंदांत विरते. तीन सिलिंडरच्या इंजिनात ७००० वरही दोन खऱ्या ठिणग्यांत साडेपाच मिलिसेकंदांहून जास्त अंतर असतं. या दोहोंच्या मध्ये तीन मिलिसेकंद आरामात बसतात. ही एक ओळ घातली आणि माझे १७८० चे ८९० झाले. मिस्त्रींना दाखवलं तर म्हणाले, "हं." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

आता अंतर एकट्यानं वापरू नका. सिलिंडर अगदी सारखे कधीच नसतात, डेल्कोची शाफ्ट जुनी झाली की थोडी डुलते, आणि एकेका अंतरावरून काढलेला आकडा सतत नाचतो. सलग तीन अंतरांची बेरीज घ्या. तीन ठिणग्या म्हणजे बरोबर दोन फेरे, तिन्ही सिलिंडर एकदा येऊन गेले, त्यांचे आपसातले फरक मिटले. मग १२ कोटींना त्या बेरजेनं भागा, झाला आरपीएम. चार सिलिंडरला चार अंतरांची बेरीज घ्या. तेही दोनच फेरे, म्हणून १२ कोटी तसेच राहतात.

इथे तीन खड्डे आहेत, आणि मी तिन्हींत पडलो आहे.

एक, उनोवर साधा इंट ३२७६७ च्या वर जात नाही. सगळी अंतरं अनसाइन्ड लाँगमध्ये (चार बाइटच्या, वजा चिन्ह नसलेल्या आकड्यात) ठेवा.

दोन, ही चिप आठ बिटांची आहे. चार बाइटचा आकडा ती एकेक बाइट करून उचलते, आणि मधेच ठिणगी पडून इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा असा भलताच आकडा हाती येतो. दहा मिनिटांत एकदा स्क्रीनवर मधूनच काहीतरी अचाट चमकून जातं ते यामुळे. इंटरप्टमध्ये बदलणारे आकडे व्होलाटाइल लिहा, आणि मुख्य लूपमध्ये ते उचलताना इंटरप्ट क्षणभर बंद करून प्रत काढा, लगेच चालू करा. भागाकार त्या प्रतीवर.

तीन, मायक्रोज सुमारे ७१ मिनिटांनी पुन्हा शून्यावर येतं. अमरावतीपर्यंत जाताना हे दोनदा तरी होतं. घाबरायचं कारण नाही. अनसाइन्ड आकड्यांची वजाबाकी केली असेल तर उत्तर बरोबरच येतं. 'नवी वेळ जुनीपेक्षा लहान असेल तर' असा शहाणपणा करायला गेलात की बिघडतं.

इंजिन बंद पडल्यावर नवी ठिणगी येत नाही, त्यामुळे इंटरप्ट येत नाही, आणि बंद गाडी स्क्रीनवर ८५० वर चालू दिसते. शेवटच्या ठिणगीला अर्धा सेकंद झाला की शून्य दाखवा. अर्ध्या सेकंदाला एक ठिणगी म्हणजे ८० आरपीएम. ठीकठाक बॅटरी असेल तर सेल्फवर इंजिन त्याच्या बरंच वर फिरतं, त्यामुळे स्टार्ट करताना अडचण येत नाही.

एक गाळणी आणखी हवी. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि दिवसभर देशभर बातमी फिरली. नंतर हवामान खात्यानं सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. आपल्या यंत्राला निदान एवढी अक्कल हवी की एका ठिणगीत इंजिन ९०० वरून ४००० वर जाऊ शकत नाही. नवं अंतर मागच्याच्या निम्म्याहून कमी असेल तर ते टाकून द्या. मात्र सलग तीनदा तसंच आलं तर मान्य करा, नाहीतर यंत्र एखाद्या चुकीच्या आकड्यावर हटून बसेल.

गाडीत बसवताना

बॅटरीचं मायनस आधी काढा. कॉइलच्या मायनसवर लग लावून वायर घ्या, रेझिस्टर तिथेच, वर स्लीव्ह. वायर प्लगच्या जाड हाय टेन्शन केबलींपासून निदान वीतभर लांब ठेवा आणि सायलेन्सरच्या मॅनिफोल्डकडे फिरकू देऊ नका. आत आणायला नवं भोक पाडू नका, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात (फायरवॉलमध्ये) वायरिंगचं रबरी ग्रोमेट असतंच. बॅटरी जोडून चावी फिरवली आणि इंजिन चालू नसताना शून्य दिसलं की निम्मं काम झालं. इंजिन चालू असताना कॉइल, केबल, बेल्ट यांच्याजवळ हात नाही. ओढणी, गमछा, सैल बाही काही लोंबू देऊ नका.

वीज कुठून द्यायची यावर लोक फार डोकं चालवतात. सुरुवातीला सिगारेट लायटरच्या सॉकेटमधला चांगला मोबाइल चार्जर वापरा आणि यूएसबी केबलनं आर्डुइनो चालवा. गाडीच्या विजेतले झटके तो पचवतो. काही गाड्यांत ते सॉकेट चावी काढल्यावरही चालू राहतं, तेवढं बघून घ्या. कायमचं बसवायचं तर चावीनंतरच्या लाइनवर एक ॲम्पिअरचा फ्यूज, उलट्या जोडणीसाठी १एन४००७, आणि मग व्होल्टेज उतरवणारा एलएम२५९६ चा बक कन्व्हर्टर. कन्व्हर्टर आधी एकट्यानं चालवून मीटरवर पाच व्होल्ट करा, मग आर्डुइनो जोडा. बाजारातून येताना त्याचा स्क्रू कुठे फिरलेला असेल याचा नेम नाही.

डिस्प्ले सेकंदाला चार-पाच वेळाच बदला आणि आकडा दहाच्या पटीत दाखवा. शेवटचा आकडा कुणालाच नको असतो, तो फक्त डोळ्यांना त्रास देतो.

आता आपलं ऊन. मे महिन्यात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर हात ठेवून बघा. तिथे सोळा बाय दोनचा साधा एलसीडी काळाठिक्कर पडतो, छोटा ओएलईडी उन्हात वाचताच येत नाही. टीएम१६३७ चे लाल आकडे त्यातल्या त्यात टिकतात, वर एक सावलीची टोपी लावा. डबा थ्रीडी प्रिंट करणार असाल तर पीएलए नको, ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. एबीएस किंवा पीईटीजी घ्या. आणि ग्लू गनच्या भरवशावर राहू नका. माझा डिस्प्ले व्हरायटी चौकाच्या सिग्नलला शांतपणे सुटून मांडीवर आला होता. स्क्रू लावा.

नवी गाडी असेल तर

इंधन इंजेक्शनच्या गाडीत कॉइलच्या किंवा क्रँक सेन्सरच्या वायरीत हात घालू नका. त्या सिग्नलवर ईसीयूचं (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं) सगळं गणित असतं, तो बिघडला तर गाडी रस्त्यात थांबेल. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांत स्टेअरिंगखाली सोळा पिनांचं ओबीडी (गाडीचे बिघाड आणि आकडे वाचायचं) सॉकेट असतं, त्याआधीच्याही बऱ्याच गाड्यांत असतं. तिथे आकडा मोजायचा नाही, मागायचा.

गाडीतले कॉम्प्युटर ज्या दोन वायरींवर आपसात बोलतात ती कॅन बस. त्यासाठी एमसीपी२५१५ चं कॅन मॉड्यूल घ्या. सॉकेटची ६ नंबरची पिन कॅन हाय, १४ कॅन लो, ४ आणि ५ ग्राउंड, १६ बॅटरी. बहुतेक गाड्यांत वेग ५०० केबीपीएस. ७डीएफ या पत्त्यावर ०२, ०१, ०सी हे बाइट पाठवले (उरलेले शून्य) की इंजिनाचा ईसीयू ७ई८ वरून उत्तर देतो: ०४, ४१, ०सी आणि मग दोन बाइट. पहिल्याला २५६ ने गुणून त्यात दुसरा मिळवा आणि चारने भागा. ०ई आणि १० आले तर सोळाच्या हिशेबानं १४ आणि १६: १४ गुणिले २५६ म्हणजे ३५८४, अधिक १६, ३६००, भागिले चार, ९००.

काहीच उत्तर येत नसेल तर आधी मॉड्यूलवरचा क्रिस्टल बघा. स्वस्त मॉड्यूलवर तो बहुधा ८ मेगाहर्ट्झचा असतो आणि लायब्ररी १६ धरून चालते; प्रोग्राममध्ये तेवढी एक ओळ बदलावी लागते. दुसरं, मॉड्यूलवर १२० ओमचा टर्मिनेशन जम्पर असतो तो काढा, गाडीच्या बसला तिचे दोन आधीच आहेत. विचारणा सेकंदाला पाच-दहा वेळा पुरते. काम झालं की मॉड्यूल सॉकेटमधून काढून ठेवा, १६ नंबरच्या पिनवर बॅटरी कायम चालू असते.

माझ्या ८०० ला असलं सॉकेट नाही. मिस्त्री आता स्लो सेट करताना स्वतःच डिस्प्लेकडे नजर टाकतात. स्क्रू पाव फेरा आत, आकडा चढला, किंचित बाहेर, ९००. मग बोनेट लावायच्या आधी एकदा कान लावून ऐकतातच.